विल्टन क्रीकची उलटी कमान

तासगावात परत आल्यापासून भेटेल तो एकच विचारतो, "नायगारा बघितला का हो?" नाही बघितला. न्यूयॉर्कचा पुतळाही नाही. "मग अमेरिकेत जाऊन केलंत तरी काय?" मक्याच्या शेतांमधलं एक लहानसं दगडी चर्च बघितलं, असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो. एवढं तिकीट काढून चर्च? ते तर मिरजेतही आहे! म्हणून आता एकदाच लिहून काढते. तोंडानं सांगायला गेले की मला मध्येच थांबावं लागतं आणि लोकांना वाटतं, हिला काही आठवेनासं झालं.

ट्रॉय

माझा धाकटा भाऊ संजू मिशिगन राज्यातल्या ट्रॉय गावी राहतो. गाव म्हणायचं, पण पायी चालणारा माणूस दिसेल तर शपथ. मोटारींच्या सीटचं डिझाइन करण्यात त्याचा जन्म गेला. त्याची बायको शुभदा फेब्रुवारीत गेली. कॅन्सर. मला तेव्हा व्हिसाची तारीखच मिळाली नाही. मी तिला शेवटचं पाहिलं ते फोनवर, आणि तेही नेमकं चित्र अडकलं, तेव्हा धड पाहिलं असंही म्हणता येत नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे. कोणावर, ते विचारू नका.

ऑक्टोबरात व्हिसा मिळाला आणि मी गेले. विमानतळावर संजू न्यायला आला होता. वाळला होता, पण बोलणं तेच. माझं वाक्य अर्धं होईस्तोवर त्याचं उत्तर तयार. "संजू, अरे तू जेवण नीट..." "जेवतो, अक्का. परफेक्ट जेवतो. फ्रीझर फुल आहे." फ्रीझर खरोखरच फुल होता. गोठवलेल्या पराठ्यांची चळत होती. मी दुसऱ्याच दिवशी इंडियन दुकानातून ज्वारीचं पीठ आणवलं. भाकरी थापायला लागले, तर धूर झाला म्हणून छतावरचं यंत्र बोंबलायला लागलं. संजू टॉवेल घेऊन त्याच्याखाली नाचत होता. आम्ही दोघं पोट धरून हसलो, आणि मग एकदम दोघंही गप्प झालो, कारण असल्या वेळी सगळ्यांत मोठ्यानं हसणारी घरात नव्हती.

शुभदा पुण्याची, शिकलेली आर्किटेक्ट. लग्न करून अमेरिकेत आली ती नवऱ्याच्या व्हिसावर, आणि त्या व्हिसावर बायकोला नोकरीची परवानगी नव्हती. कितीतरी वर्षं ती घरात बसून होती. लेकीला, रेवाला, वाढवलं, मंडळाची नाटकं बसवली, शेजारणींच्या किचनचे आराखडे फुकटात काढून दिले. पुढे कागदपत्रं झाली आणि जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान ऑफिसात तिला काम मिळालं. तिथं स्वतःच्या जबाबदारीवर केलेलं तिचं पहिलं काम म्हणजे हे चर्च. शेवटचंही तेच ठरलं.

चर्चची गोष्ट मला तिनंच सांगितली. फ्रान्समधल्या कुठल्याशा खेड्यात आठ-नऊशे वर्षांपूर्वी बांधलेलं. जाड भिंती, बारक्या खिडक्या, अर्धगोल कमानी. टोकदार कमानींची उंच देवळं युरोपात नंतर आली. त्याआधीची ही धाटणी. शंभर वर्षांपूर्वी ते खेडं ओस पडत चाललं होतं. तेव्हा अमेरिकेतल्या एका श्रीमंतानं, म्हणे शेगड्या विकून गडगंज झालेला, ते देऊळ विकत घेतलं. दगड न् दगड सुटा करून, आकडे घालून, पेट्यांत भरून जहाजानं आणला आणि आपल्या गावात पुन्हा उभा केला. मी म्हटलं, "देव पण आणला का पेटीतून?" शुभदा म्हणाली, "वन्सं, तो तर तुम्ही म्हणता सगळीकडे असतोच, त्याला भाडं पडत नाही."

हो, ती मला वन्सं म्हणायची. पुण्याची शिकली-सवरलेली, तीस वर्षं अमेरिकेत राहिलेली, आणि आजीच्या काळातलं वन्सं! सुरुवातीला थट्टा म्हणून म्हणायला लागली आणि तेच तोंडात बसलं. आता मला तसं हाक मारणारं कोणी उरलं नाही.

त्या चर्चच्या दारावर कोरीव कमान आहे. पाचरीच्या आकाराचे बारा दगड, मधोमध एक कोकरू. प्रत्येक दगडावर एका महिन्याचं काम कोरलंय. त्या काळच्या शेतकऱ्याचं वर्षच ते: कोणी गवत कापतोय, कोणी मळणी करतोय, कोणी डुकरं चारतोय. खाली महिन्यांची नावं नाहीत. शुभदा एकेका दगडाचे फोटो काढून मला पाठवायची, कारण माझं सासर द्राक्षबागेचं. एका दगडावर माणूस कोयती घेऊन वेलीपाशी वाकलेला. मी छातीठोकपणे सांगितलं, "ही छाटणी. ऑक्टोबर." आमच्याकडे फळाची छाटणी ऑक्टोबरातच. तिनं तो महिना तसा धरला आणि तिचं महिन्यांच्या क्रमाचं सगळं गणित बिघडलं. आठवडाभर डोकं खाजवल्यावर तिचा फोन आला, "वन्सं, फ्रान्समध्ये ऑक्टोबरात वेल छाटली तर थंडीनं मरेल! तिथं छाटणी मार्चमध्ये. तुम्ही माझं फ्रान्स तासगावला नेलंत!" त्यावरून तिनं मला किती चिडवलं याला सुमार नाही.

पण गणित सुटलं तेव्हा भलतंच निघालं. दुरुस्तीच्या वेळी कमानीचा एक दगड ढिला झाला होता, त्याच्या पाठीवर जुना रंगवलेला आकडा दिसला. फ्रान्सच्या गवंड्यांनी आकडे घातले होते आतून बघत. अमेरिकेतल्या गवंड्यांनी दगड लावले बाहेरून बघत. म्हणजे डावीकडचं उजवीकडे. शंभर वर्षं त्या दारावर वर्ष उलटं चाललं होतं, डिसेंबरपासून जानेवारीकडे, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चर्च सांभाळणारी एक समिती आहे. समितीला कमान सरळ करून हवी होती. शुभदा भांडली. ती म्हणाली, या गावाची लग्नं या दारातून झाली, मयतं या दारातून गेली. ते सगळे या उलट्या वर्षाखालून गेले. चूक असली तरी आता ती या इमारतीच्या इतिहासातली आहे, आणि आपण इतिहास जपायला आलोय, नीटनेटका करायला नाही. समितीनं तिचं ऐकलं. त्या दिवशी ती फोनवर एवढी खूश होती! म्हणाली, "वन्सं, मी तिथं गेले की वर्षानं तरुण होऊन परत येते."

मग तिचं दुखणं निघालं.

मी ट्रॉयला जाऊन चार दिवस झाले असतील. संजू लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. "अक्का, ते लोक कमान बदलतायत. शुभदा गेली, आता कोण विचारणार? शनिवारी मीटिंग आहे, मला बोलावलंय. मी जाऊन सांगणार आहे. स्ट्रेट."

"काय सांगणार?"

"की तिचं शेवटचं काम आहे ते. तिनं फाइट केली होती. हात लावायचा नाही."

तो कधी त्या चर्चला गेला होता का, असं मी विचारलं. एकदा गेला होता. पार्किंगमध्ये ऑफिसचा फोन आला आणि शुभदा काम संपवून बाहेर येईपर्यंत तो गाडीतच बोलत बसला. पुढच्या वेळी नक्की आत येतो, असं म्हणाला होता. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. कमान वाचवणं हे त्याच्यासाठी काय होतं, ते मला तेव्हा समजलं.

रस्त्यात

शनिवारी सकाळी निघालो. मिशिगनच्या खाली इंडियाना राज्य लागतं, तिथं जायचं होतं. रस्त्याकडेची मेपलची झाडं अशी लाल-पिवळी झाली होती की बघून छाती दडपावी. आपल्याकडे पानं पिकतात ती गुपचूप पिकतात. इथं झाड जायच्या आधी गावभर बोभाटा करतं. मग रंग संपले आणि मका लागला. मैलच्या मैल वाळलेला मका, मध्ये मध्ये खोलीएवढी यंत्रं तो कापत चाललेली. शेतात माणूस मात्र एकही नाही. यंत्राच्या काचेआड असेल तेवढाच. मला सवय बांधावर माणसं जेवायला बसलेली बघायची. ते शेत मला परक्या घरासारखं वाटलं.

संजू गाडी चालवता चालवता भाषण पाठ करत होता. इंग्रजीत. "माय वाइफ बिलीव्ह्ड..." इथपर्यंत आलं की गाडीतली ती रस्ता सांगणारी बाई मध्येच बोलायची, आणि हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. मी म्हटलं, "अरे, एवढं पाठ कशाला? मनातलं बोल." तो म्हणाला, "मनातलं बोलायला गेलो तर..." आणि वाक्य सोडून दिलं. स्वतःचंच वाक्य अर्धं सोडलेला संजू मी पहिल्यांदा पाहिला.

एका थांब्यावर कॉफी घेतली. मी डब्यातून दशम्या काढल्या. बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी इतक्या कुतूहलानं पाहिलं की मी एक त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती खिशातला रुमाल काढून त्यात गुंडाळली, बायकोला दाखवायला म्हणून. माणसं इथूनतिथून सारखीच.

तिथंच रेवाचा फोन आला. रेवा संजूची मुलगी. टेक्सासात अर्विंगला नोकरी करते. आईच्या शेवटच्या दुखण्यात दोन महिने येऊन राहिली होती. संजूनं फोन स्पीकरवर टाकला.

"बाबा, आर यू गोइंग टुडे?"

"रस्त्यातच आहोत. आत्या आहे बरोबर."

"हाय आत्या! बाबा, लिसन. डोंट फाइट विथ देम, ओके? जस्ट गो अँड लुक. फर्स्ट लुक."

"अगं पण ते लोक..."

"बाबा. प्लीज. जस्ट लुक."

फोन ठेवल्यावर तो म्हणाला, "हिला काय होतंय म्हणायला." मला मात्र तिचा आवाज चमत्कारिक वाटला. आपल्याला जे बोलायचंय ते गिळून माणूस दुसरंच बोलतो, तसा.

विल्टन क्रीक

गाव म्हणजे एक रस्ता. पाण्याची टाकी, धान्याच्या उंच कोठ्या, एक बंद पडलेलं औषधांचं दुकान, घरांपुढे पायऱ्यांवर ठेवलेले लाल भोपळे. मी आपली उंच मनोरा शोधत होते. संजूनं गाडी थांबवली तरी मला चर्च दिसलं नाही. मग दिसलं. ओकच्या झाडांआड, आमच्या गावच्या महादेवाच्या देवळापेक्षा जेमतेम मोठं, मधाच्या रंगाच्या दगडाचं. भोवती लाकडी पांढरी घरं आणि मध्ये हे. लग्नघरात ओळखीचं कोणी नसलेली म्हातारी एका बाजूला बसून राहते, तसं ते मला वाटलं. केवढं लांब आणलं याला! कोणी त्याला विचारलं होतं का?

दारापाशी एक उंच, पिकल्या केसांची बाई वाळलेली पानं झाडत होती. ती डोना. शाळेत शिकवायची, आता चर्चची किल्ली तिच्याकडे असते. आम्हाला बघून तिनं झाडू भिंतीला टेकवला. संजूनं नाव सांगायच्या आत तिनं माझा हात हातात घेतला.

"तुम्ही द्राक्षवाल्या," ती म्हणाली. "ऑक्टोबरातली छाटणी!"

मला हसावं की रडावं कळेना. सातासमुद्रापार, मक्याच्या शेतात, माझी फजिती पोचलेली. शुभदानं सांगितली होती. म्हणजे ती इथं बसून माझ्याबद्दल बोलली होती. डोनाची इंग्रजी सावकाश, मास्तरणीची, मला बरीचशी कळायची. इथं ती मी आपल्या भाषेत लिहिते आहे.

संजूला मात्र धीर नव्हता. तो दारासमोर उभा राहिला आणि त्यानं सुरू केलं. माझी बायको असं मानायची की जुन्या इमारतीतल्या चुकाही जपायच्या असतात. या कमानीसाठी ती भांडली होती. ती आता बोलायला नाही, म्हणून मी आलोय. पाठ केलेलं एकेक वाक्य नीट येत होतं. रस्ता सांगणारी बाई नव्हती, त्यामुळे प्रथमच तो न अडखळता पुढे चालला होता. डोना हात बांधून ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं.

मी सहज मान वर केली.

ती कमान मला पाठ होती. वर्षभर तिचे तुकडे माझ्या फोनमध्ये होते. डावीकडे खाली डुक्कर मारणारा माणूस पाहिजे होता. तिथं तो नव्हता. तिथं जेवणाच्या मेजापाशी बसलेला माणूस होता, जानेवारी. त्यावर शेकोटीपाशी बसलेला, फेब्रुवारी. मग कोयती घेऊन वेलीपाशी वाकलेला माझा छाटणीवाला. मग फुलांची डहाळी, घोडेस्वार, गवताची कापणी. मध्ये कोकरू. पलीकडे खाली उतरत पिकाची कापणी, मळणी, द्राक्षं तुडवणं, पेरणी, डुकरं चारणं, आणि अगदी उजवीकडे सुरी उगारलेला डिसेंबर. सांध्यांतला चुना नवा, पांढरा होता.

कमान सरळ झालेली होती. आणि माझा भाऊ तिच्याखाली उभा राहून ती उलटीच ठेवा म्हणून विनवत होता.

त्याला ओरडून थांबवावं असं वाटलं, पण तो भरात होता. त्यानं भाषण पुरं केलं. "प्लीज, लीव्ह इट ॲज शी लेफ्ट इट," असं म्हणून तो थांबला. हे वाक्य मी गाडीत ऐकलं नव्हतं. हे मनातलं होतं.

डोना जवळ आली. "आम्ही ती उन्हाळ्यातच फिरवली, सनजे," ती म्हणाली. संजूचं नाव तिच्या तोंडी असं यायचं. "मेलमध्ये लिहिलं होतं मी. काम पुरं झालं, बघायला या, असं."

त्यानं मेल अर्धाच वाचला होता. कमानीचं काम हे शब्द दिसले आणि पुढचं त्याच्या डोक्यानंच लिहिलं. तो वर बघत राहिला, पण त्याला फरक कुठं कळणार? त्यानं ती आधी कधी पाहिलीच नव्हती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

मग तो चिडला. एवढ्या मोठ्या आवाजात परक्या बाईशी बोलणारा संजू मला माहीत नव्हता. ती मरायची वाट बघत होतात का, असंही म्हणाला. मी त्याचा दंड धरला. डोना जागची हलली नाही.

"तिनंच सांगितलं," डोना म्हणाली.

जानेवारीत, बर्फ पडलेला असताना, शुभदा इथं आली होती. रेवानं गाडी चालवून आणली होती. संजू ऑफिसात होता. उतरायला तिला दोघींनी आधार दिला. कमान नीट दिसावी म्हणून डोनानं खुर्ची बाहेरच मांडली, ब्लँकेट आणलं. शुभदा बराच वेळ कमानीकडे बघत बसली. मग म्हणाली, डोना, ही फिरवून घ्या.

"मी म्हटलं, अगं, तूच तर भांडलीस," डोना सांगत होती. "ती म्हणाली, भांडले तेव्हा माझ्याकडे भरपूर वर्षं होती. तेव्हा उलटं वर्ष गमतीचं वाटतं. आता मला ते जसं येतं तसं बघायचंय. पेरलं, उगवलं, कापलं, मग थंडी. ज्यांनी हे कोरलं त्यांना तसंच म्हणायचं होतं. मीच त्यांचं ऐकलं नाही. असं म्हणाली ती. तिच्या ऑफिसलाही तिनं त्याच आठवड्यात कळवलं."

"मला का नाही..." संजू म्हणाला.

डोनानं नुसतं एवढंच सांगितलं, की नवरा आपला आपण येईल, घाई करू नका, असं शुभदा जाताना म्हणाली होती.

मीटिंग अशी नव्हतीच. समितीची आठ-दहा म्हातारी माणसं जमली होती, काम पुरं झाल्याबद्दल आत गोड-तिखट करून आणलं होतं. आत जाताना मी सवयीनं चपला काढल्या. फरशी अशी गार की तळपायातून कळ गुडघ्यापर्यंत गेली, पण देवळात चपला घालून जायला मन होईना. बायकांनी मला आग्रह करून वाढलं. बटाट्याचं, वरून चुरा घातलेलं काहीतरी होतं, सफरचंदाचा पाय, म्हणजे गोड सारण भरलेली जाड पोळीच, होता. मी तासगावचे बेदाणे नेले होते, ते वाटले. डोना सांगत होती, ती एकदा फ्रान्समधल्या त्या मूळ खेड्यात जाऊन आली. देवळाच्या जागी आता गवत आहे. पण तिथली म्हातारी माणसं जाता-येता त्या गवतापुढे थांबतात आणि छातीवर क्रूस काढतात. आपल्याकडे देव हलवायचा तर आधी पूजा करून त्याचं देवपण काढून घेतात, मगच मूर्तीला हात लावतात. त्या गवतातून ते कोणी काढून घेतलं नव्हतं. मी सगळ्यांशी हसून बोलत होते आणि माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं. संजू आत आला नव्हता.

बाहेर येऊन पाहिलं तर तो कमानीसमोर तसाच उभा.

"अक्का, फेब्रुवारी कोणता?"

मी दाखवला. डावीकडे खालून दुसरा, हात पोचेल असा. टोपडं घातलेला माणूस शेकोटीपाशी बसलाय, एक पायताण काढून ठेवलंय आणि उघडा पाय जाळाकडे धरलाय. नऊशे वर्षांत त्याचं नाक झिजलंय, पण पायाची बोटं अजून मोजून घ्यावीत अशी आहेत.

"तिचे पाय सारखे गार असायचे," संजू म्हणाला. "दोन-दोन मोजे घालायचो मी तिला. मी म्हणायचो, मार्च येऊ दे, नवीन औषध सुरू होणार आहे, समरमध्ये भारतात जाऊ. ती काही बोलायला लागली की मी म्हणायचो, निगेटिव्ह बोलू नकोस, यार."

आणि तो रडला. उभ्या उभ्या, तोंडावर हात न घेता. लहानपणी विहिरीत पडता पडता वाचला होता, तेव्हा रडला होता असा. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिले. आतून बायकांचे आवाज येत होते, कोणीतरी बश्या गोळा करत होतं. डोना दाराशी आली, आम्हाला पाहिलं आणि परत आत गेली.

गाडीत बसलो. त्यानं किल्ली लावली नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"कमानीचं नव्हतं ठाऊक. आईशपथ."

"मग तिनं मला का नाही सांगितलं, अक्का? रेवाला सांगितलं. डोनाला सांगितलं. मला का नाही?"

याचं गोड उत्तर देता आलं असतं. तुला त्रास नको म्हणून, असं म्हणता आलं असतं. पण शेवटच्या त्या महिन्यांत, तो ऑफिसात असताना, शुभदा मला रोज फोन करायची. त्यांची दुपार, आमची रात्र. हे सगळं तिला त्याच्याशी बोलायचं होतं आणि ती माझ्याशी बोलत होती. मी त्याला खोटं सांगितलं असतं तर ते तिच्याशी खोटं झालं असतं.

"कारण तू ऐकलं नसतंस," मी म्हटलं.

समोरच्या काचेवर ओकची दोन-तीन पानं येऊन पडली होती. वाटलं, आता हा माझ्यावरही चिडणार. चिडला असता तरी चाललं असतं.

"हो," तो म्हणाला. "नसतं ऐकलं."

त्यानं गाडी सुरू केली. गावाबाहेर मक्यात आलो, तेव्हा त्यानं हात लांब करून त्या रस्ता सांगणाऱ्या बाईचा आवाज बंद केला.

"सांग आता," तो म्हणाला. "तुला काय काय म्हणायची ती, ते सगळं सांग. पहिल्यापासून."

मी सांगायला लागले. घर येईपर्यंत त्यानं मला मध्ये एकदाही तोडलं नाही.